पहिल्या मालकाकडून जुने डायव्हर घड्याळ घेताना या चुका टाळा

मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या कोकणातल्या काही मंडळींच्या कपाटात सायको (Seiko) या जपानी कंपनीचे ६३०९-७०४० हे डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचे, घड्याळ अजूनही रुमालात गुंडाळलेले असते. १९७६ ते १९८८ या काळात बनलेले, उशीसारख्या गोल फुगीर केसचे (धातूच्या बाहेरच्या कवचाचे) आणि चारच्या जागी चावी असलेले हे घड्याळ मूळ मालकाच्याच हातून मिळणे हे भाग्य खरे. पण ते मिळाल्यावरही लोक ते बिघडवतात.

पहिली चूक संकोचापोटी होते. चहा घेता घेता किंमत ठरते आणि मागचे झाकण पाहायचे राहून जाते. त्यावरच्या सहा अंकी क्रमांकातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा (ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी). क्रमांक ७३ ने सुरू होत असेल तर तो मार्च १९७७ चा की १९८७ चा, हे क्रमांक सांगत नाही. अशा वेळी काकांकडे त्यांचे सीडीसी (खलाशाचे सेवा-नोंदीचे पुस्तक) मागावे, कारण जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा त्यात नोंदलेल्या असतात आणि घड्याळ घेतले ती "सिंगापूरची फेरी" नेमकी कधीची हे त्यावरून जुळवता येते.

डायल भिंगाखाली पाहावा. या मॉडेलचे नवे बनावट डायल आणि काटे सर्रास विकले जातात. ठिपके आणि काटे यांच्या चमकद्रव्याचा रंग वेगवेगळा दिसला, किंवा ते अंधारात नव्यासारखे लखलखले, तर काहीतरी बदलले आहे असे समजावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पॉलिश. माझे पहिले ६३०९ मी एका कारागिराकडे "फक्त ऑइलिंग करा" असे सांगून दिले होते. परत आले ते कल्हई केलेल्या पातेल्यासारखे. केसच्या वरच्या भागावरच्या बारीक रेषा आणि चकचकीत बाजू यांच्यामधली धारदार कड पुसली गेली होती, आणि घासून गेलेला धातू काही परत येत नाही. तेव्हापासून "बफ करू नका, डायल धुऊ नका, काढलेला प्रत्येक भाग परत द्या" हे मी पावतीवर लिहून घेतो.

काही गोष्टी बिघाड नसतानाही बिघाड वाटतात. चावी फिरवून हे घड्याळ भरत नाही आणि चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही. या यंत्राची रचनाच तशी आहे. हलकेच डोलवले की ते चालू होते. मात्र वीस वर्षे पडून असलेले घड्याळ चालू झाले म्हणून लगेच रोज वापरू नये, कारण वाळलेल्या तेलावर चालणारे भाग झिजतात. तारीख रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत हाताने बदलू नये. त्या वेळी तारखेचे दाते आपणहून गुंतलेले असतात. घड्याळावर १५० मीटर लिहिले आहे म्हणून नळाखाली धरण्याचा मोह तर अजिबात नको, कारण आतली रबरी रिंग मालकाइतकीच निवृत्त झालेली असते.

राहता राहिला पट्टा. तो कडक होऊन तुटलेला असल्यामुळे मालक बहुधा फेकायलाच निघालेले असतात. मनगटावर तो आता चढणार नाही, तरीही मागून घ्यावा. त्यावर झेड २२ (Z22) अशी सायकोच्या पट्ट्याची उठावाची खूण असेल तर तो नक्कीच सोडू नये.