पावसाळाभर गावी ठेवलेल्या बाइकची पेट्रोल टाकी

मे महिन्यात गावी वापरलेली बाइक पडवीत लावून चाकरमानी मुंबईला निघतात, ती गाडी पुन्हा चालू होते गणपतीत. ठेवताना टाकी रिकामी करायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पत्र्याच्या टाकीचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

टाकी हवाबंद नसते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की कोकणातली दमट हवा आत शिरते. टाकी रिकामी असेल तर उघड्या पत्र्यावर दव धरतं आणि आतून गंज चढतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मिसळून जातं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच.

म्हणून निघायच्या दिवशी ताजं पेट्रोल भरा, तेही गळ्याच्या खालच्या कडेपर्यंतच. उन्हाने पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळायचं द्रावण, वापरणार असाल तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने आधी टाका, मग पेट्रोल भरा आणि दहा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे ते पुढच्या नळीपर्यंत पोचतं. पाणी वेगळं झालेलं पेट्रोल मात्र त्याने सुधारत नाही.

आता झाकण उघडून गळ्याभोवतीच्या खोलगट जागेत नीट बघा. बहुतेक बाइकना तिथे बारीक भोक असतं. झाकणावर पडलेलं पाणी त्यातून नळीने खाली जमिनीवर जातं. धुळीने किंवा कुंभारीण माशीच्या मातीने ते बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि जुन्या रबरातून टाकीत उतरतं. नळीच्या खालच्या टोकातून जाड तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वर सरकवली की ती मोकळी होते. माती वरून आत ढकलू नका. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बदलूनच टाका, किंमत किरकोळ असते.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढा. ते तिथेच सुकलं तर चिकट थर जमून जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे करू नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो आणि कोरडा फिरला तर खराब होतो.

भरलेली टाकी चूल आणि पाण्याच्या बंबापासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. उंदरांनी नळी कुरतडू नये म्हणून गाडी लाकडांच्या ढिगाजवळही लावू नका.

परतल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून, टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा व्हार्निशसारखा वास आला तर सगळी टाकी रिकामी करा. वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही. इंजेक्शनच्या गाडीची टाकी मेकॅनिककडूनच उतरवून घ्या. काढलेलं पेट्रोल गॅरेजमध्ये द्या, वहाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाटली स्वच्छ दिसली तर इंजेक्शनच्या गाडीची चावी दोन-तीनदा चालू-बंद करा, पंपाचा आवाज थांबू द्या आणि मगच स्टार्ट करा.