सड्यावरचा दवबिंदू कसा शोधावा

कीटक खाणारी वनस्पती म्हटलं की मनात मोठा जबडा उभा राहतो. त्यामुळे कासला जाऊन "कुठे काय, काहीच दिसलं नाही" म्हणत परतणारे पुष्कळ भेटतात. दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारं रोप, मात्र तिथेच असतो, बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर, रुपयाच्या नाण्याएवढा.

आधी वेळ गाठा

युरोपातला दवबिंदू थंडीभर घट्ट कळी होऊन झोपतो आणि वसंतात दलदलीत पानं उलगडतो. ते वाचून आपण मार्चमध्ये निघालो तर सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, तापलेल्या तव्याखेरीज काही मिळणार नाही. आपल्याकडे त्याचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. जुलैत रोपं असतात, पण बारीक, आणि धो-धो पावसात पानांवरचा चीक धुऊन जातो. पावसाने उघडीप देऊन एक-दोन दिवस ऊन पडलं की निघायचं.

मग जागा

जांभ्याचा सडा हवा. कास साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, १२०० मीटर उंचीवर आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या सड्यांवरही तो सापडतो. कातळावर चार बोटं माती, तिच्यातलं नत्र पावसाने वाहून गेलेलं. जिथे गवतही धड वाढत नाही तिथे हा किडे पकडून नत्राची सोय करतो. म्हणून कमरेएवढं गवत दिसलं की पुढे चालू लागा. गवत घोट्याच्या खाली, माती काळसर आणि ओली, पाणी साचलेलं नाही पण पाझरतंय, अशा पट्ट्यात थांबा. गुरं चारणारं कुणी भेटलं तर झाडाचं नाव विचारू नका, "दादा, पाणी कुठं झिरपतंय?" एवढंच विचारा.

शेजारी ओळखा

जांभळी सीतेची आसवं आणि पांढऱ्या मण्यांसारखे गेंद दिसले की तुम्ही बरोबर पोचलात. सीतेची आसवंसुद्धा कीटकभक्षीच, फक्त तिचे सापळे मातीत दडलेले. दोघांना एकच उपाशी, ओली जमीन मानवते.

उजेडाचा उपयोग करा

पहाटे सगळ्याच पात्यांवर दव असतं, त्यात याचे थेंब कुठून वेगळे काढणार? दहा-साडेदहापर्यंत थांबा. खरं दव उन्हात वाळून जातं, याचं वाळत नाही. आता सूर्याकडे तोंड करून खाली बसा. जे अजून चमकतंय ते बघा.

ही बसण्याची गोष्ट मी उशिरा शिकलो. पहिल्या खेपेला तासभर उभ्याने फिरलो, कंटाळून सॅक खाली टेकवली आणि डबा काढायला वाकलो, तर सॅकच्या कडेला लालसर चकत्या. दोन सॅकखाली चेपल्या होत्या. तेव्हापासून सॅक पाठीवरच.

ओळख पटवा

इथे दोन जाती भेटतात. एक जमिनीला चिकटलेली: पाचरीसारख्या पानांचा गोल, उन्हात तांबडा झालेला, मधून उभा दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. दुसरी गवती दवबिंदू: उभी, लांब सुतासारखी पानं, गुलाबी किंवा पांढरी फुलं. ही गवतात इतकी मिसळते की बहुतेक वेळा आधी फूलच दिसतं.

आता भिंग काढा

भिंग नसेल तर दुर्बीण उलटी धरा, मोठ्या भिंगाकडून डोळा लावून दुसरं टोक पानाजवळ न्या. छान काम होतं. प्रत्येक पानावर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला टाचणीच्या माथ्यासारखी गाठ आणि तिच्यावर काचेसारखा थेंब. एखादं चिलट नुकतंच अडकलं असेल तर जागचे हलू नका. पाय सोडवायला जातं आणि दुसऱ्या थेंबात रुततं. जमिनीलगतच्या जातीचे कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात, डोळ्यांदेखत. मग पान पाचक रस सोडतं आणि काही दिवसांनी तिथे फक्त पोकळ टरफल उरतं. मला विचाराल तर हे बघायला दहा किलोमीटर चालणं परवडलं.

बोट लावून किंवा बिस्किटाचा चुरा टाकून केस वळवून बघू नका. वळण्यात त्याची ताकद जाते आणि हाती काही लागत नाही. उपटून कुंडीत लावायचा मोह तर सोडाच. खतावलेली माती आणि नळाचं पाणी त्याला मारतं. आणि ही एका हंगामाची रोपं, पुढच्या वर्षीचं बी यांच्याच दांड्यावर पिकायचं असतं.

पायाखालचं थोडं

ओला जांभा शेवाळाने साबणासारखा होतो, पकड असलेले बूट घाला. कोकणच्या सड्यावर फुरसं असतं, सुट्या दगडाखाली हात घालू नका. कासला शनिवार-रविवार टाळा, आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि आखलेली वाट सोडू नका. वाटेच्या कडेला, जिथे पाणी झिरपत असतं, तिथेच नजर ठेवली तरी पुरते. जुनी पँट घालून जा, गुडघे भिजणारच.