व्हीपीएससाठी ओएस निवडताना या चुका टाळा

व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, घेताना सगळं लक्ष रॅम, कोअर आणि महिन्याच्या भाड्यावर असतं. ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) मात्र ऑर्डरच्या शेवटच्या पानावर, ड्रॉपडाउनमध्ये जे आधी दिसेल ते निवडून आपण मोकळे होतो. रॅम पुढे पॅनलमधून वाढवता येते. ओएस बदलायची तर सर्व्हर पुसून सगळं नव्याने उभं करावं लागतं. त्यामुळे माझा आग्रह एकच: ओएसचं नाव बघण्याआधी तिचे सिक्युरिटी अपडेट कधी बंद होणार ती तारीख बघा. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही चूक मात्र दोन-तीन वर्षांनी, नेमकी साइट भरात असताना अंगावर येते.

संपलेली किंवा संपत आलेली आवृत्ती घेणं

सेंटओएस या फुकट लिनक्स ओएसचं उदाहरण घ्या. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर कित्येकांनी सर्व्हर बांधले. डिसेंबर 2020 मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ते 31 डिसेंबर 2021 लाच थांबेल. सेंटओएस 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपली. तरीही जुनी इमेज (ओएसची तयार प्रत) अजून चालवणारे भेटतात, कारण ‘साइट तर व्यवस्थित चालतेय’.

साइट चालते, अडतं ते पॅकेज टाकताना. यम या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने अपडेट चालवलं की ‘मिररलिस्टचा होस्ट सापडत नाही’ असा एरर येतो. तो दिसतो डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) बिघाडासारखा, म्हणून लोक नेमसर्व्हर बदलत बसतात, होस्टिंगवाल्याकडे तिकीट टाकतात. डीएनएसमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, तो मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेज देणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा, पत्ताच बंद केलेला आहे. रेपोच्या (पॅकेजच्या भांडाराच्या) फाइलींमधली मिररलिस्टची ओळ बंद करून बेस यूआरएल सेंटओएसच्या व्हॉल्टकडे वळवला की पॅकेजेस उतरतात. पण व्हॉल्ट म्हणजे जुना साठा, त्यात नवा सिक्युरिटी पॅच येत नाही. सामान बांधून बाहेर पडण्यापुरताच त्याचा उपयोग करा. बाहेर पडून जायचं ते अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर. दोन्ही 2021 मध्ये ही पोकळी भरायलाच आली. अल्माच्या 9 व्या आवृत्तीला 2032 पर्यंत अपडेट आहेत.

उबुंटूत आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. सम वर्षाचा एप्रिल, म्हणजे 22.04 किंवा 24.04, ही एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टची) असते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना, उदाहरणार्थ 24.10 ला, फक्त नऊ महिने. यादीत मोठा आकडा दिसला म्हणून मधली आवृत्ती सर्व्हरवर टाकू नका. 20.04 ची नेहमीची मुदत मे 2025 मध्ये संपली. त्यावर अडकला असाल आणि लगेच हलता येत नसेल तर उबुंटू प्रो ही वाढीव अपडेटची योजना जोडा, वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशिनपर्यंत फुकट आहे. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस मिळतो.

आधी ओएस, मग ‘यावर माझं सॉफ्टवेअर चालेल का?’

हा क्रम उलटा हवा. सीपॅनल हे सर्व्हर सांभाळायचं पॅनल लागणार असेल तर डेबियन घेऊच नका, त्यावर ते बसत नाही, अल्मालिनक्स घ्या. शिवाय सीपॅनलला कोरा सर्व्हर लागतो, आधी हाताने अपाची आणि मायएसक्यूएल टाकून ठेवायचं नाही. हेस्टिया पॅनल हवं असेल तर उलट डेबियन किंवा उबुंटूच लागते.

विंडोज सर्व्हरचं भाडं लायसन्समुळे वाढतं, त्यामुळे खरंच गरज आहे का ते तपासा. डॉटनेट कोअर आणि त्यानंतरची डॉटनेट लिनक्सवर उत्तम चालते. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या 4.x आवृत्तीवर बांधलेला प्रोजेक्ट असेल तर मात्र विंडोजला पर्याय नाही. आपल्याकडे छोट्या पेढ्या आणि सीए मंडळी व्हीपीएसवर टॅली ठेवतात, तिथेही विंडोजच लागतं. इथे एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही: विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची मूळ परवानगी प्रशासनाच्या कामासाठी एका वेळी दोनच सेशनची असते. ऑफिसातला तिसरा माणूस लॉगिन करायला गेला की आधीच्या एकाला बाहेर काढावं लागतं. जास्त माणसांसाठी रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स घ्यावी लागतात. तो खर्च हिशेबात धरूनच निर्णय घ्या. रॅम 4 जीबीपेक्षा कमी नको, आणि रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, व्हीपीएनमागे घ्या किंवा ऑफिसच्या आयपीपुरता ठेवा.

जुनी पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) हवी म्हणून जुनी ओएस, हाही नेहमीचा घोळ. उबुंटू 24.04 सोबत पीएचपी 8.3 येते आणि 7.4 वर लिहिलेली वेबसाइट त्यावर मोडते, मग लोक 20.04 शोधतात. त्याऐवजी ओएस नवीच ठेवा आणि पीएचपीची हवी ती आवृत्ती वेगळ्या रेपोतून घ्या. अल्मा-रॉकीसाठी रेमी, उबुंटू-डेबियनसाठी सुरी. पीएचपी 7.4 चा सपोर्टही 2022 मध्येच संपलाय, त्यामुळे कोड सुधारायचं काम फार लांबवू नका.

खालचं मशिन न बघता निवडणं

स्वस्त व्हीपीएस कधी कधी केव्हीएम (पूर्ण वेगळं व्हर्च्युअल मशिन) नसून ओपनव्हीझेड (कर्नल वाटून घेणारा कंटेनर) असतो. त्यात कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, होस्टिंगवाल्याचा असतो, तुमचा नाही. वर उबुंटू दिसली तरी कर्नल जुनाच निघतो, डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) अडखळतो, कर्नल मॉड्यूल लोड होत नाहीत, आणि विंडोज तर चालतच नाही. सर्व्हर हातात आल्याबरोबर सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही कमांड चालवा. उत्तर ‘केव्हीएम’ आलं तर ठीक. ‘ओपनव्हीझेड’ आलं आणि तुम्हाला डॉकर लागणार असेल, तर पैसे परत मिळण्याची मुदत आहे तोवर बदलून घ्या.

दुसरी अडचण सीपीयूची. रेड हॅट 9 च्या घराण्याला (त्यात अल्मा, रॉकीही आल्या) एक्स86-64 सीपीयूच्या क्षमतेची दुसरी पातळी लागते, रेड हॅट 10 ला तिसरी. होस्टिंगवाल्याने व्हर्च्युअल सीपीयू जुन्या साच्याचा ठेवला असेल तर बूट होताना ‘सीपीयूला आधार नाही’ अशी जीलिबसी या मूळ लायब्ररीची ओळ येते आणि कर्नल पॅनिक होतो. इमेज पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. होस्टिंगवाल्याला सीपीयू टाइप ‘होस्ट’ करायला सांगा. ते जमत नसेल तर अल्मालिनक्स 10 ची दुसऱ्या पातळीसाठीची वेगळी बिल्ड मिळते.

अल्मा-रॉकी घेऊन एसईलिनक्स बंद करणं

एसईलिनक्स म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल ते ठरवणारा पहारा. तो बंद केला जातो याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण दुरुस्ती दोन ओळींची आहे. इंजिनएक्स या वेब सर्व्हरमागे नोडचं (जावास्क्रिप्टचं) ॲप 3000 पोर्टवर चालवलं की ब्राउझरमध्ये 502 (मागच्या ॲपकडून उत्तर नाही) येतो. ॲप चालू असतं, पोर्ट बरोबर असतो, आणि इंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘परवानगी नाकारली’ असं असतं. वेब सर्व्हरने दुसऱ्या पोर्टशी बोलायला एसईलिनक्सची मूळ मनाई आहे. सेटसीबूल या कमांडने, पी हा पर्याय लावून, ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ ही खूण 1 केली की काम होतं आणि रीबूटनंतरही टिकतं.

403 (प्रवेश नाकारला) येत असेल तर बहुधा फाइली होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ने हलवलेल्या असतात. हलवताना त्यांचं जुनं एसईलिनक्स लेबल सोबत येतं. वेबच्या फोल्डरवर रिस्टोरकॉन (लेबल दुरुस्त करणारी कमांड) चालवा. यासाठी चीमॉड 777 करणं (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणं) म्हणजे घराची सगळी दारं सताड उघडी टाकणं, आणि इतकं करूनही 403 जात नाही.

नव्या ओएसवर जुन्या ब्लॉगमधल्या कमांड

डेबियन 12 मध्ये फेलटूबॅन (चुकीचे लॉगिन अडवणारं साधन) टाकलं की ते सुरूच होत नाही, एसएसएचची (दुरून लॉगिनची) लॉग फाइल सापडली नाही म्हणतं. डेबियन 12 पासून आरसिसलॉग (लॉग फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप येत नाही, त्यामुळे ऑथ लॉगची फाइलच नसते, नोंदी सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या जर्नलमध्ये जातात. जेल डॉट लोकलमध्ये बॅकएंड ‘सिस्टिमडी’ लिहा, पायथनचं सिस्टिमडी पॅकेज टाका.

उबुंटू 24.04 वर एसएसएचचा पोर्ट कॉन्फिग फाइलमध्ये बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी सर्व्हर 22 वरच ऐकतो. तिथे पोर्ट सिस्टिमडीचं सॉकेट धरून बसतं, म्हणून आधी डीमन-रीलोड आणि मग एसएसएच सॉकेट रीस्टार्ट. फायरवॉलमध्ये नवा पोर्ट उघडल्याशिवाय आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय चालू सेशन सोडू नका.

पायथनची पॅकेज टाकणाऱ्या पिपने ‘बाहेरून सांभाळलेलं वातावरण’ म्हणून नकार दिला तर ब्रेक-सिस्टिमचा पर्याय वापरू नका, व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) बनवा.

1 जीबीत सगळं कोंबणं

डेस्कटॉपवाली इमेज सर्व्हरवर नको, तिची रॅम तुमच्या डेटाबेसला द्या. छोट्या अल्मा सर्व्हरवर डीएनएफ (पॅकेज टाकणारी कमांड) मध्येच ‘किल्ड’ म्हणून मरत असेल तर रॅम संपलेली असते. 2 जीबीची स्वॅप फाइल (रॅमला डिस्कवरची जोड) करा. इतक्या लहान मशिनवर मी डेबियनच घेईन.

मराठी साइटसाठी दोन जास्तीची कामं

सर्व्हरच्या इमेजमध्ये देवनागरी फाँट सहसा नसतो. वेब पानावर फरक पडत नाही, तिथे वाचकाच्या मशिनचा किंवा साइटने पाठवलेला फाँट वापरला जातो. पण हेडलेस (खिडकीशिवाय चालणाऱ्या) क्रोमने सर्व्हरवर पावती किंवा प्रमाणपत्राची पीडीएफ बनवली की नावाच्या जागी चौकोन येतात. डेबियन-उबुंटूवर लोहित देवनागरी किंवा नोटो कोअर हे फाँटचं पॅकेज टाका, फाँट कॅश ताजी करा आणि एखादं जोडाक्षरांचं नाव, समजा ‘ज्ञानेश्वर’, छापून बघा.

घड्याळही बहुधा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री 2 वाजता बॅकअप लागावा म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) लावला तर तो सकाळी साडेसातला धावतो. टाइमडेटसीटीएलने आशिया/कोलकाता लावा आणि क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर ती जुन्याच वेळेने चालत राहते.