झुकिनीचे रोल पाणी सोडत होते, त्यावर सापडलेला उपाय

झुकिनीच्या पातळ पट्ट्यांत चीज आणि अक्रोड भरून केलेले रोल दिसतात फार देखणे. पण माझे रोल वाढेपर्यंत टिकायचेच नाहीत. अर्ध्या तासात ताटलीत पाणी साचायचं, चीज ओघळायचं आणि अक्रोड मऊ पडायचे. मी चीजला दोष देत राहिले. खरं कारण होतं झुकिनी. तिच्यात जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं.

आता मी साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढते (याहून पातळ केल्या तर गुंडाळताना फाटतात), त्यांवर मीठ भुरभुरते आणि १५ मिनिटांनी सुती कापडाने नीट टिपून घेते. मग कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर. आणि महत्त्वाचं म्हणजे, भाजलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या नाहीत. वाफ कोंडली की सगळी मेहनत वाया जाते! जाळीवर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या.

सारणात क्रीम चीज, थोडं फेटा चीज, लिंबाची किसलेली साल, मिरपूड. वेगळं मीठ नाही, कारण फेटा खारट असतं आणि पट्ट्यांनाही मीठ लागलेलं असतं.

अक्रोड मंद आचेवर भाजून, गरम असतानाच कापडात चोळते. कडवट साल बरीच निघते. त्यांचा भरड चुरा सारणात न मिसळता, वाढायच्या अगदी आधी रोलची दोन्ही टोकं त्यात बुडवते. परवाचे रोल दोन तासांनंतरही कोरडे होते, अक्रोड कुरकुरीत.