डोक्याला मार लागून महिने झाले तरी त्रास जात नाही? व्यायामावरचं संशोधन कसं वाचायचं

आमच्या खानापुरातल्या मावसभावाला कबड्डीत डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण दोन महिने झाले तरी डोकं दुखायचं, उजेड सोसायचा नाही, आणि घरी येणारा प्रत्येकजण तेच सांगायचा की अंधारात पडून राहा. म्हणून मी वाचायला बसलो.

गुगल सोडा, पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या साइटवर जा, फुकट आहे. इंग्लिश स्पेलिंगनं कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला हादरा) आणि एरोबिक एक्सरसाइज (चालण्यासारखा नाडी वाढवणारा व्यायाम) टाका, मग फिल्टरमधे रॅन्डमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली तुलना) आणि फ्री फुल टेक्स्टवर टिक करा.

सगळ्यात आधी बफेलो युनिव्हर्सिटीच्या डॉ. जॉन लेडींचा २०१९ चा अभ्यास वाचा. १३ ते १८ वयाची १०३ मुलं होती, व्यायामवाल्यांतली निम्मी १३ दिवसांत बरी झाली, स्ट्रेचिंगवाल्यांना तेवढ्यालाच १७ दिवस लागले. पण थांबा, इथंच बरेच जण फसतात, मीपण फसलो होतो, कारण त्या मुलांना मार लागून जास्तीत जास्त दहाच दिवस झालेले होते! आपला प्रश्न महिनाभरानंतरच्या त्रासाचा, म्हणून सर्चमधे पर्सिस्टंट (म्हणजे रेंगाळणारा) हा शब्द टाकून परत शोधा, आणि प्रत्येक पेपरात पेशंटचं वय आणि मार लागून किती दिवस झाले ते आधी बघा.

दुसरं बघायचं ते व्यायामाचं माप. "व्यायाम केला" एवढंच लिहिलं असेल तर त्या पेपरचा घरी काही उपयोग नाही. लेडींच्या पद्धतीत ट्रेडमिलवर चालवत हळूहळू चढ वाढवतात, त्रास वाढायला लागला की तिथली नाडी लिहून घेतात, आणि रोजचा व्यायाम त्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर, साधारण २० मिनिटं. म्हणजे १४० ला त्रास वाढला तर ११२ ते १२६. ही टेस्ट घरी एकट्यानं करू नका हं, डॉक्टर नाहीतर फिजिओ सोबत पाहिजेच. मान किंवा कानातला तोल बिघडलेला असेल तर त्याचे उपचार वेगळे, तेपण तपासून घ्या.

खेळातल्या कन्कशनवर २०२२ ला ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं निवेदनही वाचा, त्यात कडक विश्रांतीनं फायदा नाही असं स्पष्ट आहे. व्यायामानं त्रास दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात उतरला तर चालतंय. उलट्या, फिट, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी असं काही दिसलं तर वाचन बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

आम्ही पेपरचं प्रिंट काढून फिजिओकडं नेलं, टेस्ट झाली, आता तो सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली नाडी बघत चालतो आणि घरी येऊन वहीत आकडा लिहितो.