विनिपेगचा पहिला हिवाळा: ‘एवढंच तर जायचंय’ म्हणू नका

निफाडला पारा चार अंशांवर आला की आपल्याकडे पेपरात ठळक बातमी येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये मार्चअखेरीस अधिक चार झालं की पोरं टी-शर्टवर सायकली काढतात. जानेवारीत इथलं रात्रीचं सरासरी तापमान उणे वीसच्या आसपास असतं आणि दर हिवाळ्यात काही दिवस उणे तीसच्या खाली जातात. ३१ डिसेंबर २०१३ ला तर मॅनिटोबा म्युझियमने जाहीर केलं होतं की, आज मंगळावर क्युरिऑसिटी यानाने नोंदवलेलं कमाल तापमान उणे २९ आहे आणि विनिपेगही तेवढंच गार आहे. इथली माणसं ही गोष्ट जरा अभिमानानेच सांगतात.

पण हे साडेसात लाखांचं शहर त्या थंडीतही सुरळीत चालतं. बस येतात, शाळा भरतात, लोक वेळेवर कामावर जातात. नवीन आलेली आपली मंडळी लांबच्या प्रवासाला निघताना चांगलीच घाबरून, जय्यत तयारीने निघतात, त्यामुळे तिथे सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘एवढंच तर जायचंय’ म्हणताना. कचऱ्याची पिशवी टाकायला चपलेवर, टी-शर्टवर मागच्या दाराने बाहेर पडायचं, दार आपोआप लॉक व्हायचं, किल्ली आत, फोन आत. अपार्टमेंटच्या मागच्या दारांना बहुतेक ठिकाणी असंच लॉक असतं. उणे तीसला ओल्या केसांनी दहा मिनिटं दार ठोठावत उभं राहणं ही गंमत नाही. तेव्हा नियम एकच: दाराबाहेर पाऊल म्हणजे कोट, बूट, टोपी, किल्ली आणि फोन. दोन मिनिटांसाठीही.

सकाळी फोनवर तापमान बघाल तेव्हा शेजारी ‘विंडचिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला किती थंड वाटेल त्याचा, आकडा असतो, तो बघायची सवय लावा. उणे २० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे विंडचिल उणे ३३. उणे २८ ते उणे ३९ विंडचिलमध्ये उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ मध्ये ५ ते १० मिनिटांत. बस पाच मिनिटं उशिरा आली की हा हिशेब कळतो. म्हणून बसच्या ॲपवर गाडी जवळ आल्याचं बघून मगच घरातून निघा. शहराच्या मध्यभागी काम असेल तर इमारतींना जोडणारे स्कायवॉक आहेत, सगळे मिळून सुमारे दोन किलोमीटरचे. ते एकदा रविवारी फिरून पाठ करून टाका. पोर्टेज आणि मेन या रस्त्यांचा चौक वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. १९७९ पासून पायी ओलांडायला बंद असलेला हा चौक २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा खुला झाला. उन्हाळ्यात ती मोठीच सोय. जानेवारीत मात्र मान खाली घालून, गळ्यापासून नाकापर्यंत झाकूनच ओलांडायचा.

आता कपडे. भारतातून निघताना स्वेटरांनी बॅग भरू नका. पुण्यात थंडीत रस्त्याकडेला स्टॉलवर मिळणारे स्वेटर तिथे छान, इथे ते फार तर घरात घालायचे. आणायचेच असतील तर थर्मल आणा, बाकी इथे घ्या. थर सुटे असावेत. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारा, मांड्यांपर्यंत येणारा पार्का. अंगालगत सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम पुढे बाहेर उभं राहिल्यावर काकडवतो. बसमध्ये, मॉलमध्ये गरम असतं, तिथे वरचे थर उघडता यायला हवेत. टोपीला इथे ‘टूक’ म्हणतात. कान पूर्ण झाकणारी घ्या, केसांची काळजी करू नका, इथे हिवाळ्यात सगळ्यांचेच केस चपटलेले असतात. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र ठेवणारे मिट जास्त उबदार. माझा सल्ला, आत पातळ हातमोजा आणि वर मिट. म्हणजे फोन हाताळायला वरचा काढला तरी हात उघडा पडत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर ते कोटावर वाचवा, बुटांवर नको. व्हॅल्यू व्हिलेज, साल्व्हेशन आर्मी यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत उत्तम पार्के अगदी कमी किमतीत मिळतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, इथले सगळेच घेतात. हजार डॉलरच्या कोटाशिवाय हिवाळा निघत नाही, हे साफ खोटं. बूट मात्र नवे, मापून घ्या. जाड पायमोजा घालून दुकानात चालून बघा, आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मग बुटावरचं ‘उणे चाळीसपर्यंत उबदार’ हे लेबल काही कामाचं नाही. बूट आणि मिटचं अस्तर रात्री पूर्ण वाळलं पाहिजे. सुटं निघत असेल तर काढून ठेवा.

जे विद्यार्थी जानेवारीच्या सत्रासाठी येतात त्यांच्यासाठी खास: कोट, टोपी, मोजे चेक-इन बॅगेत टाकू नका. मुंबईत तीस अंशांत हातावर घेऊन फिरायला जीवावर येतं, कबूल. पण बॅग टोरांटोला राहिली तर विनिपेगच्या विमानतळाबाहेर तुम्ही हुडीवर उभे असाल.

नाक, कान, गाल, बोटं यांच्यावर लक्ष ठेवा. आधी टोचतं, दुखतं, आणि मग दुखायचं थांबतं. हे थांबणंच वाईट. कातडी पांढुरकी किंवा राखाडी, मेणासारखी दिसली आणि तिथे काही जाणवेनासं झालं तर लगेच आत या. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, हीटरवर धरू नका. बधिर झालेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात हळूहळू ऊब द्या, फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरकडे. आणि थंडीने कुडकुडणारा माणूस कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळायला लागला, तर तो बरा होत नाहीये. ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

बर्फावर चालणं हे वेगळंच शास्त्र आहे. पडलेल्या ताज्या बर्फाची भीती नाही. भीती आहे ती दिवसा वितळून रात्री गोठलेल्या पारदर्शक थराची. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात जसे पाऊल सपाट टेकवत, आखूड पावलं टाकत चालता, तसंच इथे चाला. हात खिशाबाहेर. बुटांना लावायचे काटेरी पट्टे मिळतात, घरात वयस्कर आई-बाबा आले असतील तर ते आधी घ्या. साधं मीठ उणे दहा-बाराच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून ऐन थंडीत इथे रस्त्यांवर वाळू टाकलेली दिसेल. स्वतःच्या पायऱ्यांसाठीही वाळूची एक बादली ठेवा.

बर्फ काढायला फावडं घेतलंत तर उचलण्यापेक्षा ढकला आणि थोडा पडला असतानाच काढा. रात्रभर वाट बघून सकाळी फूटभर काढायला जाणं पाठीलाही महाग आणि हृदयालाही. चाळिशी ओलांडलेल्या, एरवी व्यायाम नसलेल्या पुरुषांनी इथे मर्दुमकी दाखवू नये. तुम्ही ड्राइव्हवे, म्हणजे घरासमोरची गाडीची वाट, लख्ख करून आत आलात की महापालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर येतो आणि नेमका त्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. यावर चिडून उपयोग नाही, सगळा मोहल्ला तुमच्याबरोबर चिडलेला असतो. रस्त्यावर गाडी लावत असाल तर तुमच्या भागात बर्फ काढायच्या वेळी पार्किंगबंदी कधी आहे ते शहराच्या ३११ या हेल्पलाइनवर विचारून घ्या. नाहीतर दंड भरायचा आणि टो करून नेलेली गाडी शोधत फिरायचं.

गाडीच्या नाकातून एक प्लग लोंबताना दिसेल, तो इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरचा. उणे पंधराच्या खाली गेलं की तो बाहेरच्या सॉकेटला जोडायचा. रात्रभर नको, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावा. घर भाड्याने घेताना ‘पार्किंगला प्लग आहे का’ हा प्रश्न ‘हीटिंग भाड्यात धरलंय का’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. मॅनिटोबात विंटर टायर सक्तीचे नाहीत, पण सात अंशांखाली ऑल-सीझन टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते, तेव्हा घ्याच. मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्स या सरकारी वाहनविमा कंपनीची त्यासाठी कर्जयोजना आहे. काच धुवायचं पाणी उणे चाळीसलाही न गोठणारं, पेट्रोलची टाकी निम्म्याखाली नको, आणि मागे एक ब्लँकेट, फावडं, जंपर केबल. शहराभोवतीच्या पेरिमीटर हायवेच्या बाहेर जाण्याआधी रस्त्यांची स्थिती सांगणारी ‘मॅनिटोबा ५११’ सेवा बघा. बाहेर अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, ‘तो दिवा तर दिसतोय, एवढंच तर आहे’ म्हणत तर नाहीच. आणि इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो. बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवणं याच कारणाने वर्ज्य.

घरातल्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्या आपल्याच स्वयंपाकघरात घडतात. कुकरच्या तीन शिट्ट्या, भाताची वाफ, वर फोडणी, आणि खिडक्या बंद. ती वाफ काचेवर बसते, तिथे गोठते, आणि दुपारी वितळून चौकटीत मुरते. महिन्याभरात काळी बुरशी. स्वयंपाक करताना आणि नंतरही थोडा वेळ एक्झॉस्ट चालू ठेवा. आणि कोटांचं कपाट बंद. हिंग-लसणाची फोडणी पार्क्याच्या अस्तरात एकदा बसली की एप्रिलपर्यंत ऑफिसात सोबत येते. तुळस खिडकीपासून हातभर आत ठेवा. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं तर फुगतं, दहीही तिथेच लागतं. खोबरेल तेल घट्टच राहणार. हातापायांना रात्री पेट्रोलियम जेली चोळा, फार कढत पाण्याने अंघोळ करू नका.

कोथिंबीर दुकानातून साध्या पिशवीत आणाल तर बस-स्टॉपपर्यंत पोचेतो तिची पानं काचेसारखी होतात आणि घरी आल्यावर जुडीचा हिरवा चिखल उरतो. केळीही तशीच काळवंडतात. अशा गोष्टी उष्णतारोधक पिशवीत, नाहीतर सरळ कोटाच्या आत.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर हीटर बंद करून जाऊ नका, कमी करा. मुख्य पाण्याचा कॉक बंद करा आणि शेजाऱ्याला किल्ली द्या. घराच्या विम्यात हिवाळ्यात कुणीतरी नियमित येऊन बघण्याची अट बहुधा असते, ती वाचा. घर गोठलं की नळ फुटतात आणि पाणी नंतर वितळल्यावर वाहायला लागतं. २०१४ मध्ये तर जमिनीखालच्या नळांतलं पाणीही गोठलं होतं आणि महापालिकेने कित्येकांना नळ सतत वाहता ठेवायला सांगितलं होतं.

मुलांची चिंता आपल्याला जास्त, त्यांना कमी. शाळेत विंडचिल साधारण उणे २७-२८ पर्यंत मधल्या सुट्टीत बाहेरच पाठवतात, त्यामुळे स्नो पँट रोज हवी आणि मिटचा एक जादा जोड दप्तरात, नाव घालून. कार-सीटमध्ये जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका, पट्टा सैल राहतो. पट्टा आवळा आणि कोट वरून पांघरा. मुलांच्या कोटांसाठी ‘कोट्स फॉर किड्स’ ही मोफत सोय आहे, संकोच न करता विचारा.

थंडीपेक्षा अंधार जास्त पोखरतो, हे माझं मत. २१ डिसेंबरला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारला गडप. अंधारात कामावर जायचं, अंधारात परत यायचं. ‘हिवाळा संपला की बाहेर पडू’ म्हणणारे फेब्रुवारीत घरातल्या घरात भांडायला लागतात. दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं उन्हात चाला. शहरातल्या नदीसंगमावर, द फोर्क्सला, नदी गोठली की तिच्यावर बर्फाची वाट करतात, स्केट भाड्याने मिळतात. फेब्रुवारीत शहराच्या सेंट बोनिफेस भागात फेस्टिव्हल दू व्होयाजर हा हिवाळी उत्सव असतो, तिथे जा. मन फारच उदास राहिलं, झोप-भूक बिघडली, तर ते आळसापोटी नाही. डॉक्टरांना सांगा, व्हिटॅमिन डी आणि लाइट थेरपीच्या दिव्याबद्दलही त्यांनाच विचारा.

आणि संक्रांत सोडू नका. ती इथे नेमकी ऐन गारठ्यात येते. मराठी घरं मोजकी आहेत, पण हळदीकुंकवाला बायका आत थर्मल, त्यावर पैठणी, वर गुडघ्यापर्यंतचा पार्का आणि खाली स्नो बूट अशा येतात, हातातल्या पिशवीत चपला. बोलावणाऱ्यांनी दाराशी मोठा बूट-ट्रे आणि जुने टॉवेल ठेवावेत, नाहीतर वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात सगळ्यांचे पायमोजे भिजतात. बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. गुळाची पोळी मात्र घरीच करावी लागेल.

मार्चच्या शेवटी एक ऊबदार आठवडा येतो आणि सगळे फसतात. १९९७ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला इथे हिमवादळ झालं होतं. तेव्हा विंटर टायर एप्रिल सरेपर्यंत काढू नका, फावडं तळघरात नेऊ नका. पण मार्चमध्ये दुकानांत बूट आणि पार्के निम्म्या किमतीला निघतात, तेव्हा मुलांसाठी पुढच्या वर्षीचा एक माप मोठा घेऊन ठेवा.