मराठी पिक्चर रिलीज करताय? मग या चुका टाळा, नाहीतर चांगला पिक्चर पण सोमवारी उतरतो

गेली १४ वर्षं मी वितरणात आहे. सुरुवात केली ती वितरकाचा माणूस म्हणून थिएटरवर बसून तिकिटं मोजायला, आता शो लावणं, शो काढणं, रोजचा डीसीआर (कुठल्या शोला किती तिकिटं गेली आणि किती पैसे आले त्याचा थिएटरचा हिशोब) गोळा करणं हेच काम. दरवर्षी ओळखीतलं कोणीतरी नवीन निर्माता होतं, जमीन विकून नाहीतर मित्रांकडून पैसे उभे करून पिक्चर बनवतं आणि रिलीजच्या तीन आठवडे आधी फोन येतो की दादा जरा बघा ना आमचं. तीन आठवड्यांत फार काही हातात राहत नाही हो. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. वाईट पिक्चर पडला तर पडला, पण चांगला पिक्चर निव्वळ हिशोबाच्या आणि तारखेच्या घोळामुळे पडतो तेव्हा खरंच जीव तुटतो.

गल्ला म्हणजे तुमचे पैसे नाहीत

ही सगळ्यात मोठी चूक आणि इथूनच बाकीच्या चुका होतात. पेपरात येतं अमुक पिक्चरने १० कोटींचा गल्ला जमवला आणि नवा निर्माता मनातल्या मनात १० कोटी धरून बसतो. आता एक १५० रुपयांचं तिकीट घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी असतो (१०० रुपयांच्या आतलं तिकीट असेल तर कमी), म्हणजे २३ रुपये तिथेच गेले, राहिले १२७. मग थिएटरचा वाटा. २००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण झालं होतं, दोन महिने मोठे हिंदी पिक्चर लागलेच नव्हते, त्यानंतर जे ठरलं ते साधारण असं की पहिल्या आठवड्यात ५० टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. मराठीला, सिंगल स्क्रीनला करार वेगळा असू शकतो म्हणून तुमचा कागद तुम्ही स्वतः वाचा, दुसऱ्याच्या पिक्चरचं ऐकून चालू नका.

तर पहिल्या आठवड्यात त्या १५० चे झाले साडेत्रेसष्ट. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे, आणि वितरकाने पब्लिसिटीला पैसे लावले असतील तर ते तो आधी वसूल करणार. हातात ५० आले तरी नशीब समजा. आता पिक्चर आणि पब्लिसिटी मिळून ४ कोटी गेले असतील तर ५० च्या हिशोबाने ८ लाख तिकिटं खपली पाहिजेत, तेव्हा कुठे मुद्दल सुटतं. रोज ४०० शो मिळाले असं धरा, मराठीला ते बरे म्हणायचे, आठवड्याला २८०० शो झाले, प्रत्येक शोला सरासरी ५० माणसं आली तर १ लाख ४० हजार तिकिटं. म्हणजे एका आठवड्यात होतच नाही हे. मराठी पिक्चर सुटतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आठवड्यात आणि तुम्ही प्लॅनिंग करता फक्त पहिल्या शुक्रवारचं.

सगळे पैसे शुक्रवारच्या आधी उडवणं

मी असे निर्माते पाहिलेत ज्यांनी ट्रेलर लाँचला मोठ्या हॉटेलात एवढा खर्च केला की सोमवारी पोस्टर चिकटवणाऱ्या पोराला द्यायला पैसे नव्हते. होर्डिंग, बस, टीव्हीवरचे कार्यक्रम, सगळं रिलीजच्या आधी. शुक्रवारी पिक्चर लागतो, ज्यांनी बघितला त्यांना आवडतो, ते दहा जणांना सांगतात, ते दहा जण पुढच्या शनिवारी जायचं ठरवतात आणि तोपर्यंत पिक्चर उतरलेला असतो.

बाईपण भारी देवा आठवतो ना, ३० जून २०२३, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लागला. पहिल्या आठवड्यात साधारण साडेबारा कोटी आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे उलटं गणित आहे, नेहमी दुसरा आठवडा निम्म्यावर येतो. का झालं असं? बायका घोळक्याने आल्या, नऊवारी नेसून, नथ घालून आल्या, थिएटरात फुगड्या घातल्या, त्याचे व्हिडिओ मोबाईलवरून पुढच्या बायकांपर्यंत पोचले, मग त्यांची भिशी, त्यांचं महिला मंडळ, सोसायटीचा ग्रुप. आता हे कोणाला विकत घेता येत नाही हे मला मान्य आहे, पण हे व्हायला पिक्चर दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर असायला लागतो आणि तेव्हा पब्लिसिटीला हातात पैसे असायला लागतात, एवढं तर आपल्या हातात आहे ना? माझं सरळ म्हणणं आहे, पब्लिसिटीच्या पैशातला निदान तिसरा हिस्सा बाजूला काढा आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्याला हात लावू नका.

कलाकारांचं पण तेच, रिलीजच्या आधी सगळीकडे फिरवून दमवतात आणि नंतर ते दुसऱ्या शूटिंगला निघून जातात. त्यांच्या तारखा पहिल्या सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंत लिहून घ्या, करारातच घ्या. संध्याकाळच्या शोला नाशिकला, कोल्हापूरला नायिका येऊन इंटरव्हलला दोन शब्द बोलली तर त्या थिएटरचा मॅनेजर पुढच्या आठवड्यात तुमचा शो सहजासहजी काढत नाही.

तारीख

माझं तर मत आहे की निम्मे पिक्चर इथेच पडतात. २८ एप्रिल २०२३ हा शुक्रवार बघा. महाराष्ट्र शाहीर त्याच दिवशी, टीडीएम त्याच दिवशी, आणि वर पोन्नियिन सेल्वनचा दुसरा भाग पण त्याच दिवशी, शिवाय पुढच्याच शुक्रवारी द केरला स्टोरी. आधीच शो मोजके, त्यात दोन मराठी पिक्चर एकमेकांचे शो खाणार. टीडीएमच्या टीमने शो मिळत नाहीत म्हणून जाहीर नाराजी मांडली, पिक्चर मागे घेतला आणि जूनमध्ये परत लावला. महाराष्ट्र शाहीर आणि बाईपण दोन्ही केदार शिंदेंचेच, मध्ये फक्त दोन महिने, आणि गल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक. सगळं तारखेमुळे असं मी म्हणत नाही, विषय वेगळे, प्रेक्षक वेगळा, पण दिग्दर्शक तोच असताना एवढा फरक पडतो म्हटल्यावर तारखेचा विचार दहा वेळा करायलाच पाहिजे.

मोठ्या हिंदीला घाबरून पळा असं पण नाही हं. ८ नोव्हेंबर २०१८, दिवाळी, एकीकडे हिंदी ठग्स ऑफ हिंदोस्तान आणि दुसरीकडे आपला मराठी 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. शोवरून आंदोलनापर्यंत गेलं होतं तेव्हा. ठग्सने पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर ओपनिंग घेतलं आणि नंतर असा घसरला की थिएटरवाल्यांनीच शो कमी करायला घेतले आणि घाणेकरांना जागा मिळाली. म्हणून समोर कोण आहे त्यापेक्षा समोरचा दुसऱ्या आठवड्यात टिकेल का हे बघा.

बाकी आपल्याकडच्या गोष्टी तुम्हाला माहितीच आहेत. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, तेव्हा घरंच्या घरं बंद असतात पिक्चरला. गणपतीत अर्धी मुंबई कोकणात. आणि आयपीएलचे दिवस असतील तर संध्याकाळच्या शोवर फार भिस्त ठेवू नका. याउलट सैराट २९ एप्रिल २०१६ ला आला, सुट्ट्या लागलेल्या, लग्नसराई, गाणी आधीच प्रत्येक वरातीत वाजत होती. साताऱ्याकडे रहिमतपूरला रात्री १२ चा आणि पहाटे ३ चा शो लावायला लागला होता. शंभर कोटींच्या घरात गेलेला तो पिक्चर नुसत्या मल्टिप्लेक्सच्या जोरावर गेलेला नाही, तालुक्याच्या थिएटरांनी नेलाय.

किती शो नाही, कुठल्या वेळेचे शो

नवीन निर्माता अभिमानाने सांगतो ३५० शो मिळाले. मी विचारतो कुठल्या टायमाचे? तिथे बरेच जण गप्प होतात. सकाळी ९ चा आणि रात्री ११ चा शो मोजणीत शोच असतो, पण घरातली बाई सकाळी ९ ला येणार नाही आणि तालुक्याच्या गावात रात्री ११ नंतर परत जायला एसटी नसते. २०१५ ला सरकारने मराठीला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ चा प्राइम टाइम जाहीर केला आणि ओरड झाल्यावर तो दुपारी १२ ते रात्री ९ असा झाला, म्हणजे दुपारी १२ चा शो दिला तरी नियम पाळला गेला. नियमाच्या भरवशावर बसू नका, गुरुवारी रात्री शोचं शेड्यूल उघडून स्वतः एकेक थिएटर बघा.

एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या ठिकाणी आमचा एक पिक्चर होता, आई-मुलीच्या नात्यावरचा, फार सुंदर. तिथे शो दिलेला सकाळी १० चा. मंगळवार होता, मी तिथेच होतो. पावणेदहाला खिडकीवर दोनच तिकिटं गेलेली, ती पण मायलेकींची. मॅनेजरने सांगितलं शो कॅन्सल, दोन माणसांवर एसी लावणं परवडत नाही. आई साधारण साठीची, हातात कापडी पिशवी, पोरगी कॉलेजची. खेड्यातून पहिल्या गाडीने आल्या होत्या. तिने पैसे परत घेतले, नोटा रुमालात बांधल्या आणि मला विचारलं, उद्या लागंल का ओ? उद्याचा शो आदल्या रात्रीच काढलेला होता, काय सांगणार. त्या गावचा बाजार बुधवारी. बाजारच्या दिवशी दुपारी १२ ला आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका तिथे असतात, तोच शो मागितला असता आणि भांडून घेतला असता तर निदान पन्नास जणी आत बसल्या असत्या असं मला आजही वाटतं. चूक आमची होती, आम्ही बाजाराचा दिवस विचारलाच नव्हता. आता प्रत्येक थिएटरच्या नावापुढे बाजाराचा वार लिहिलेली वही माझ्याकडे आहे.

ट्रेलरमध्ये खोटं सांगणं

गंभीर पिक्चरमधले चार विनोद उचलून कॉमेडी म्हणून ट्रेलर कापतात. शुक्रवारी गर्दी होते, शनिवारी सगळे शिव्या घालतात आणि ज्यांना तो पिक्चर खरंच आवडला असता ते कॉमेडी समजून आलेलेच नसतात. दोन्हीकडून नुकसान. जे आहे तेच दाखवा.

सोमवारी सकाळी काय बघायचं

शुक्रवारच्या आकड्यावर रडू नका आणि नाचू पण नका. रविवार सगळ्यांचाच बरा असतो. सोमवारचा डीसीआर हातात आला की तो शुक्रवारच्या शेजारी ठेवा. सोमवार शुक्रवारच्या जवळ असेल तर पिक्चर जिवंत आहे, राखून ठेवलेले पैसे आता बाहेर काढा. निम्म्याच्या खाली गेला असेल तर लगेच सगळं संपलं असं नाही, आधी शोनिहाय बघा. सगळीकडेच रिकामं आहे की फक्त सकाळचे आणि रात्रीचे? संध्याकाळी ६ चा भरतोय आणि बाकी मोकळे असतील तर थिएटरला स्वतःहून सांगा की चारातले दोन काढा पण ६ चा आणि ३ चा ठेवा. बहुतेक जण इथे अडून बसतात, एक पण शो सोडणार नाही म्हणतात आणि शुक्रवारी चारही जातात. शो सोडायला कमीपणा वाटून घेऊ नका.

पुण्यात चालतोय आणि सोलापूर-लातूरला नाही, किंवा उलटं, असं पण होतं. मग जिथे चालतोय तिथेच जोर लावा, बाकीकडचे शो सोडा आणि ते पैसे इकडे वळवा. अख्खा महाराष्ट्र एका वेळी जिंकायचा हट्ट लहान पिक्चरला झेपत नाही.

आणि स्वतःची तिकिटं स्वतः विकत घेऊन हाउसफुल्लचा बोर्ड लावायचा प्रकार बंद करा. वरचं गणित परत वाचा, १५० चं तिकीट तुम्ही स्वतः घेतलं तर फार तर पन्नास-साठ रुपये परत येतात आणि बाकीचे कायमचे जातात. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये बसलेला जो एक खरा प्रेक्षक असतो तो बाहेर येऊन सांगतो की बोर्ड हाउसफुल्लचा होता आणि आत कोणी नव्हतं. त्याच पैशात जवळच्या बचत गटाला अर्ध्या दरात बसवा, त्या बायका घरी जाऊन बोलतील तरी.

ओटीटीची तारीख पिक्चर चालू असताना कोणाला बोलू नका, मुलाखतीत तर अजिबात नाही. "महिन्याभरात येईलच घरी" एवढं एक वाक्य कलाकाराच्या तोंडून गेलं तरी दुसऱ्या आठवड्याच्या बुकिंगवर फरक पडतो. आणि ओटीटीचे किंवा अनुदानाचे पैसे आधीच बजेटमध्ये धरून कर्ज काढू नका, करारावर सही होऊन पैसे खात्यात येईपर्यंत ते शून्य धरा.

तारीख ठरवायच्या आधी, निदान तीन महिने आधी, कोणातरी वितरणातल्या माणसाबरोबर दोन तास बसा. वही-पेन घेऊन बसा, आणि पहिला प्रश्न विचारा की दुसऱ्या सोमवारी मला किती शो मिळतील आणि ते मिळायला पहिल्या सोमवारी किती माणसं लागतील.